डोळा लवणे : शकुन, शीण की औषधाची बाधा?



ऑक्टोबर छाटणीनंतरचे दोन-अडीच महिने द्राक्ष बागायतदाराची झोप उडविणारे असतात. ढग आले की केवड्याची धास्ती, ढग हटले की भुरीची. थंडी वाढली की निफाड, दिंडोरीकडे रात्री बागेत शेकोट्या पेटतात आणि पहाटे तीनला ब्लोअर जोडलेला ट्रॅक्टर सुरू होतो. अशाच एका हंगामात निफाड तालुक्यातील एका गावी पीक चर्चा आटोपली आणि एक तरुण बागायतदार मागे रेंगाळले. चारचौघांत विचारायचा संकोच असावा. म्हणाले, "सर, आठ दिवस झाले, डावा डोळा लवतोय. आई म्हणते अपशकुन आहे. मला वाटते औषध बाधले. तुम्ही काय म्हणता?" मी काही बोलणार तोच ते पुढे म्हणाले, "माझे सोडा. पण फवारणाऱ्या गड्याच्याही पापण्या उडतात म्हणतो."

प्रस्तुत लेखकाचा विषय कृषिविद्या. पानावरचा केवडा दाखवता येतो, पापणीचे काय सांगणार? तरी दुसरे वाक्य ऐकल्यावर गप्प बसणे बरे वाटले नाही. गड्याला बोलावून घेतले. तो कांद्यावर पाठीवरच्या पंपाने दोन दिवस फवारत होता. थंडीचे दिवस असूनही त्याचा सदरा घामाने भिजलेला होता, डोळ्यांतून पाणी येत होते, आणि अंधुक दिसते, मळमळते असे तो सांगत होता. त्याला तेथूनच ग्रामीण रुग्णालयात नेण्यात आले. डॉक्टरांनी प्रथम त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या आणि लगेच इंजेक्शन सुरू केले. तो बरा होऊन घरी आला. मालकांची पापणी मात्र हंगामाची धावपळ कमी झाल्यावर पंधरा दिवसांत आपोआप थांबली.

लक्षण एकच, कारणे दोन. एकात काही करावे लागले नाही, दुसऱ्यात तासाभराचा उशीरही महाग पडला असता. हा फरक शेतकऱ्याला स्वतःला ओळखता यावा म्हणून नेत्ररोग व मेंदूविकार तज्ज्ञांकडून समजून घेतलेली माहिती येथे देत आहे.

शकुनाची गोष्ट

आपल्याकडे पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा डोळा लवला तर शुभ, उलट झाले तर अशुभ असा समज आहे. हा समज फार जुना आहे. वाल्मीकी रामायणाच्या सुंदरकांडात अशोकवनातील सीतेचा डावा डोळा लवतो आणि तो शुभशकुन मानला आहे. पंचवटीच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना ही कथा नवीन नाही. कथेचा मान कथेला असू द्यावा. अडचण अशी की शुभ म्हटले तरी आणि अशुभ म्हटले तरी, दोन्हींत माणूस पुढे काय होते याची वाट पाहत बसतो. ज्याला विषबाधा झाली आहे त्याला वाट पाहायला वेळ नसतो.

पापणी मुळात लवते कशी?

डोळ्याभोवती चकतीसारखा गोल फिरलेला एक पातळ स्नायू असतो. तो आवळला की पापणी मिटते. त्याला हुकूम देणारी नस मेंदूच्या बुडातून निघून कानाच्या मागून चेहऱ्यावर येते. तिला चेहऱ्याची नस म्हणतात. गाल, ओठ, कपाळ येथील स्नायूही हीच नस चालविते. आपण मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो आणि ते आपल्या ध्यानातही येत नाही.

आता नस स्नायूला हुकूम कसा देते ते नीट समजून घ्यावे, कारण पुढचे सगळे यावर आहे. नस आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात, मध्ये अतिशय बारीक फट असते. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य त्या फटीत सुटते, ते स्नायूला भिडते आणि स्नायू आवळतो. पाटाचे दार फोडल्यावर वाफ्यात पाणी यावे तसे हे आहे. वाफा भरला की दार बांधावे लागते, नाहीतर पाणी वाफा फोडून जाते. येथे दार बांधण्याचे काम कोलीनएस्टरेज नावाचे विकर करते. ते सुटलेले ॲसिटिलकोलीन क्षणार्धात मोडून टाकते आणि स्नायू पुन्हा सैल पडतो. हे सर्व सेकंदाच्या अगदी लहानशा भागात घडते.

या व्यवस्थेत बिघाड तीन ठिकाणी होऊ शकतो. नस थकून किंवा चाळवून अधूनमधून आपणहून हुकूम सोडू लागते, वर मेंदूतच गडबड होते, किंवा दार बांधणारे विकरच बंद पडते. बागायतदाराची पापणी पहिल्या प्रकारची होती, गड्याची तिसऱ्या.

साधे लवणे

शंभरातील बहुतेकांचे डोळा लवणे या प्रकारात मोडते. सहसा एकाच डोळ्याची, बहुधा खालची पापणी बारीक थरथरते. आपल्याला ती फार मोठी वाटते, पण समोरच्याला निरखून पाहिल्याशिवाय दिसत नाही. डोळा पूर्ण मिटत नाही, दुखत नाही, नजर कमी होत नाही. थोडा वेळ चालते, थांबते, पुन्हा येते. असे काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे चालून ते निघून जाते.

कारणे आपल्या ओळखीची आहेत. अपुरी झोप, मनावरचा ताण, चहा-कॉफीचा अतिरेक, तंबाखू, दारू, डोळ्यांवरचा ताण आणि डोळ्यांचा कोरडेपणा. त्या बागायतदारांचा दिनक्रम विचारला तेव्हा रात्री चार तास झोप, दिवसाला आठ-दहा कप चहा, बँकेच्या हप्त्याची तारीख जवळ आणि आकाशात ढग, असा हिशेब निघाला. त्यात शेकोटीचा धूर आणि ब्लोअरच्या वाऱ्याने कोरडे पडलेले डोळे. यातले एखादे कारण असते तरी पुरे झाले असते.

चाळिशीनंतर आणखी एक कारण भर घालते. जवळचे दिसेनासे होते, तरी चष्मा घ्यायला माणूस टाळतो आणि डोळे बारीक करून वाचतो. औषधाच्या डब्यावरचे बारीक अक्षर वाचता येत नाही म्हणून मात्रा अंदाजाने टाकली जाते ते वेगळेच. चाळिशी आली असेल तर चष्मा घ्यावा, दोन्ही कामे होतील.

यावर उपाय म्हणजे रोज सात-आठ तास झोप, निदान दुपारची तासभर पाठ टेकणे, चहा दोन-तीन कपांवर आणणे, आणि स्वच्छ फडके कोमट पाण्यात बुडवून पिळून मिटलेल्या डोळ्यावर पाच-दहा मिनिटे दिवसातून दोन-तीनदा ठेवणे. डोळ्यात खडे असल्यासारखे वाटत असेल तर नेत्रतज्ज्ञ अश्रूंसारखे ओलावा देणारे थेंब देतात. मात्र दुकानातून कोणतेही थेंब आणून घालू नयेत. लाली लगेच उतरविणाऱ्या काही थेंबांत स्टेरॉइड असते. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते वापरत राहिल्यास डोळ्यातील दाब वाढतो, मोतीबिंदू लवकर येतो आणि काडी-पाल्याचा मार लागून बुबुळावर बुरशीची जखम झाली असेल तर ती चिघळते. मध, कांद्याचा रस, गोमूत्र डोळ्यात घालू नये हे वेगळे सांगायला नको, पण सांगतो, कारण घातले जाते.

येथे एक गंमत सांगावीशी वाटते. आपल्याला पान पाहून कमतरता ओळखायची सवय लागली आहे. जुन्या पानाच्या शिरांमधला भाग पिवळा पडला की मॅग्नेशियम, आणि आपण लगेच सल्फेट फवारतो. तीच नजर स्वतःवर वळवून 'पापणी लवते म्हणजे मॅग्नेशियम कमी' असे ठरवून गोळ्या घेणारे बरेच भेटतात. नुसत्या पापणीच्या लवण्यावरून शरीरातील मॅग्नेशियमचे निदान होत नाही. रक्तातील कॅल्शियम खरोखर कमी झाले तर ओठांभोवती मुंग्या येतात, हाताची बोटे वाकडी होतात, पायात गोळे येतात. तशी लक्षणे असतील तर रक्त तपासून घ्यावे. माती परीक्षणाशिवाय खत देऊ नका असे आम्ही सांगतो, तोच नियम येथे लावावा.

दार बांधणारेच जायबंदी झाले तर

आता मुख्य मुद्दा. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट, ॲसिफेट ही नावे आपल्या रोजच्या ओळखीची आहेत. ही सर्व ऑर्गेनोफॉस्फेट, म्हणजे सेंद्रिय फॉस्फरसयुक्त गटातील कीटकनाशके होत. यातील 'सेंद्रिय' हा शब्द रसायनशास्त्रातला आहे, सेंद्रिय शेतीशी त्याचा काही संबंध नाही. पिठ्या ढेकूण, फुलकिडे, अळ्या यांच्या शरीरातही ॲसिटिलकोलीन आणि ते मोडणारे विकर असते. ही औषधे त्या विकराला जाऊन घट्ट चिकटतात आणि त्याला कायमचे निकामी करतात. दार उघडेच राहते, स्नायू फडफडत राहतात, शेवटी थकून लुळे पडतात आणि कीड मरते.

माणसाच्या शरीरातील विकर त्याच जातीचे आहे. औषधाला कीड आणि माणूस यांतला फरक कळत नाही, फरक असतो तो मात्रेचा. या गटाचा जन्मच तसा आहे. जर्मनीत गेऱ्हार्ड श्राडर हे रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशके शोधत असताना १९३६ मध्ये त्यांच्या हाती टाबून लागले आणि पुढे ते युद्धातील विषारी वायू म्हणून गणले गेले. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सोडलेला सरीन वायू याच कुळातला. त्या दिवशी रुग्णालयांत आलेल्या लोकांच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

आपल्या देशाने ही किंमत मोजलेली आहे. १९५८ साली केरळात धान्यात पॅराथिऑन मिसळले जाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. आणि २०१७ चा पावसाळा कोणी विसरू नये. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. उंच वाढलेली दाट कपाशी, दमट उष्ण हवा, अंगावर येणारा फवारा, दोन-तीन औषधांचे मिश्रण आणि अंगावर संरक्षणाचे काहीही नाही, अशी ती परिस्थिती होती. मांडवावर डोक्याच्या वर फवारणाऱ्या द्राक्ष बागायतदाराने कपाशी आपल्याकडे नाही म्हणून निश्चिंत राहू नये.

बाधा कशी ओळखावी?

या बाधेत पापणी एकटी कधीच येत नाही, तिच्याबरोबर सोबती असतात. घाम, लाळ, डोळ्यांतून व नाकातून पाणी, मळमळ, उलटी, पोटात कळ, जुलाब, छाती भरल्यासारखी वाटणे, अंधुक दिसणे, डोके दुखणे. स्नायूंची फडफड पापण्यांवर, जिभेवर आणि पोटऱ्यांवर दिसते. पापणीची त्वचा पातळ असल्याने तेथे ती डोळ्यांना लवकर दिसते इतकेच. ती बहुधा दोन्ही डोळ्यांना असते. पुढे हातापायांतील शक्ती जाते आणि श्वासाचे स्नायू थकले की जिवावर बेतते. लक्षणे बहुधा फवारणीनंतर काही मिनिटांपासून बारा तासांपर्यंत सुरू होतात, क्वचित अधिक उशिराने.

घरी पाहता येण्यासारखी सर्वांत उपयोगी खूण म्हणजे डोळ्याची बाहुली. त्या माणसाला सावलीत किंवा ओटीवर बसवावे, शेजारी न फवारलेल्या माणसाला बसवावे आणि दोघांच्या बाहुल्या पाहाव्यात. मंद प्रकाशात बाहुली मोठी व्हायला हवी. ती मोहरीएवढी बारीक राहिली आणि वर घाम, मळमळ असेल तर बाधा धरूनच चालावे. बाहुली बारीक नाही म्हणून बाधा नाहीच असे मात्र समजू नये. लक्षणे असतील तर दवाखाना गाठावा.

उलटपक्षी फक्त एकच पापणी अधूनमधून लवते, भूक, झोप, नजर ठीक आहे आणि हे फवारणीच्या दिवशीच नव्हे तर सर्व दिवस चालू आहे, असे असेल तर ते औषधाचे असण्याची शक्यता फार कमी असते. औषध रक्तात गेले की सर्व शरीराला लागते, ते डावी खालची पापणी निवडत नाही.

मिथोमिलसारखी कार्बामेट गटातील औषधे याच विकराला धरतात, पण त्यांची पकड काही तासांत सुटते. लक्षणे तीच, उपचाराची घाई तीच. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन ही पायरेथ्रॉईड गटातील औषधे चेहऱ्यावर उडाली तर पापण्या व गाल यांवर आग आणि मुंग्या येतात. ते वेगळे, आणि बहुधा दिवसभरात कमी होते. छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी लावतो त्या हायड्रोजन सायनामाइडचा विकराशी संबंध नाही. ते कातडी व डोळे भाजते, आणि त्यावर दारू घेतल्यास चेहरा लाल होऊन छातीत धडधड, डोकेदुखी व उलटी होते. पेस्टिंगच्या आधी व नंतरचे काही दिवस दारूला हात लावू नये. मजुरांनाही हे सांगून ठेवावे, कारण डब्यावरचे त्यांना कोणी वाचून दाखवत नाही.

हळूहळू साठणारी बाधा

एक गोष्ट बागायतदारांच्या फारशी ध्यानात नसते. निकामी झालेले विकर शरीराला नवे तयार करावे लागते. रक्तातील तांबड्या पेशींमधील विकर उपचाराशिवाय दिवसाला जेमतेम एक टक्का या गतीने भरून येते. म्हणजे आज थोडे गेले, आठ दिवसांनी आणखी थोडे गेले, तर मधल्या आठ दिवसांत पहिला खड्डा भरलेला नसतो. म्हणूनच 'मी वीस वर्षे फवारतोय, मला कधी काही झाले नाही' म्हणणारा माणूस एखाद्या दिवशी नेहमीच्याच मात्रेने आडवा होतो. रक्तातील कोलीनएस्टरेज मोजण्याची चाचणी उपलब्ध आहे. जो गडी हंगामभर फवारणी करतो त्याची हंगामापूर्वी एकदा व हंगामात एकदा ही चाचणी करून घ्यावी. पहिला आकडा हाताशी असला तर दुसऱ्या आकड्याचा अर्थ लागतो.

युरोपात जाणाऱ्या द्राक्षातील अवशेषांबाबत आपण किती जागरूक झालो आहोत! २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अवशेषामुळे निर्यात अडचणीत आली, तेव्हापासून प्रत्येक बागेचा नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, काढणीपूर्व प्रतीक्षा काळ हे सर्व आपण काटेकोर पाळतो. परदेशातील ग्राहकाच्या ताटातल्या द्राक्षात दशलक्षात किती भाग औषध आहे हे आपल्याला ठाऊक असते. त्याच बागेत औषध मारणाऱ्या माणसाच्या रक्तात काय आहे हे ठाऊक नसते. हे बरोबर नाही, आणि ते बदलायला फार मोठा खर्चही येत नाही.

बाधा झाल्यास काय करावे?

माणसाला शेतातून बाहेर मोकळ्या हवेत आणावे. कपडे काढून घ्यावेत, केस, बगला, नखे यांसह सर्व अंग साबण-पाण्याने धुवावे. डोळ्यात उडाले असल्यास स्वच्छ पाण्याच्या सौम्य धारेने पंधरा मिनिटे धुवावेत. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत, निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या हातावर चढवाव्यात. दूध, तूप, मिठाचे पाणी काहीही पाजू नये, घशात बोटे घालून उलटी काढू नये. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर निजवावे. १०८ क्रमांकाला फोन करावा आणि औषधाचा डबा लेबलासह बरोबर न्यावा. लेबलावर किंवा सोबतच्या पत्रकावर विषाचा उतारा छापलेला असतो, डॉक्टरांचा वेळ त्याने वाचतो.

रुग्णालयात ॲट्रोपिनची इंजेक्शने देतात. त्याने लाळ, घाम व छातीत साठणारे पाणी आटोक्यात येते. स्नायूंची फडफड मात्र त्याने थांबत नाही. विकराला औषधाच्या पकडीतून सोडविण्यासाठी पॅम हे दुसरे औषध देण्यात येते, कारण वेळ जाईल तसतशी पकड पक्की होत जाते. दुसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून हट्टाने रुग्णाला घरी आणू नये. एक ते चार दिवसांच्या दरम्यान मान उचलता न येणे, श्वास कमी पडणे असा दुसरा झटका काहींना येतो.

बाधा टाळण्याविषयी आपण पुष्कळ ऐकता, म्हणून दोनच गोष्टी सांगतो. तोंडाला बांधलेला सुती रुमाल फवाऱ्याने भिजला की तो संरक्षण राहत नाही, विषाचे पोटीस होतो. आणि कपाळावरचा घाम औषधाने भिजलेल्या बाहीने पुसणे ही डोळ्यात औषध जाण्याची सर्वांत सोपी वाट आहे. डोळ्यांवर बंद चष्मा, हातात रबरी हातमोजे आणि खांद्यावर कोरडा स्वच्छ टॉवेल एवढे तरी ठेवावे. डब्यावरील त्रिकोण पाहावा : लाल अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस यांवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. कोठडीत जुना साठा पडला असेल तर 'संपवून टाकू' म्हणून वापरू नये.

जे आपोआप थांबत नाही

काहींच्या पापण्या लवत नाहीत, तर मिटतात आणि उघडतच नाहीत. हा आजार बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान सुरू होतो आणि स्त्रियांत अधिक आढळतो. प्रथम उघडझाप वाढते, उन्हाचा त्रास होतो. पुढे दोन्ही डोळे घट्ट आवळले जातात. डोळे चांगले असूनही माणूस आंधळ्यासारखा होतो. गालाला बोट लावल्याने, गुणगुणल्याने किंवा काही चघळल्याने क्षणभर डोळे उघडतात. त्यामुळे घरचे म्हणतात की ही सोंग करते. पूर्वी डॉक्टरही हा मनाचा आजार समजत. तो मेंदूतील स्नायूनियंत्रणाचा बिघाड आहे. अशा व्यक्तीने दुचाकी, ट्रॅक्टर चालवू नये, विहिरीच्या काठावर जाऊ नये.

दुसऱ्या एका आजारात चेहऱ्याची एकच बाजू ओढली जाते. सुरुवात पापणीपासून होते, काही महिन्यांत गाल आणि ओठाचा कोपराही त्याच बाजूला उडू लागतो, झोपेतही थांबत नाही. मेंदूच्या बुडाशी एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर घासत राहते हे त्याचे नेहमीचे कारण. मोटारीच्या केबलचे आवरण घासून गेल्यावर ठिणग्या उडाव्यात तसे हे होते. एमआरआय तपासणीत कारण कळते, आणि काही रुग्णांत शस्त्रक्रियेने रक्तवाहिनी बाजूला करून नस मोकळी करता येते.

या दोन्ही आजारांवरचा उपाय मोठा नवलाचा आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा मातीत राहणारा जिवाणू नीट न टिकवलेल्या हवाबंद अन्नात वाढला तर जे विष तयार करतो, ते जगातील सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. जर्मनीतील डॉक्टर युस्टिनस कर्नर यांनी १८२० च्या सुमारास खराब मांसाच्या सॉसेजमुळे होणाऱ्या या बाधेचे वर्णन केले. हे विष नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन सुटूच देत नाही. म्हणजे आपल्या कीटकनाशकाच्या नेमके उलट : तेथे दार बंद होत नाही, येथे दार उघडत नाही. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी त्याची अत्यल्प मात्रा डोळ्याच्या स्नायूंत वापरून पाहिली आणि १९८९ मध्ये तेथे त्यास मान्यता मिळाली. पापण्यांभोवती बारीक सुईने थेंब-थेंब टोचतात. काही दिवसांत स्नायू सैल पडतो आणि परिणाम साधारण तीन महिने टिकतो. नंतर पुन्हा घ्यावे लागते. काहींची पापणी थोडे दिवस खाली झुकते किंवा डोळा कोरडा पडतो, ते भरून येते. आपल्याकडे मोठ्या शहरांतील नेत्ररोग व मेंदूविकार विभागांत हा उपचार मिळतो. खर्च कमी नाही, म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी चौकशी करावी.

लवणे तीन आठवड्यांहून अधिक चालले, डोळा पूर्ण मिटू लागला, गाल किंवा ओठही ओढला जाऊ लागला, पापणी खाली पडली, दोन-दोन दिसू लागले किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर हंगाम संपण्याची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांकडे जावे. मानसिक आजारावरील किंवा अन्य कोणत्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी, कारण काही गोळ्यांनीही पापण्यांचा हा त्रास सुरू होतो. आणि फवारणी करणारा गडी 'डोळा लवतोय' म्हणाला, तर उजवा की डावा हे विचारण्याआधी त्याला पंप खाली ठेवायला सांगावे आणि सावलीत बसवून त्याची बाहुली पाहावी.